जुनी गाडी आणि आपला हक्क

आपल्यातल्या एकाने भाजी बाजारात न्यायला जुना टेंपो घेतला असं समजा. दुकानदाराने सहा महिन्यांची हमी लिहून दिली. सातव्या महिन्यात इंजिन बसलं. दुकानदार म्हणतो, "मुदत संपली. आता माझा संबंध नाही."

हे दर वेळी खरं नसतं. टायर, पट्टे, ब्रेकचे लायनर वापराने झिजतात. त्यांचा खर्च आपलाच. पण इंजिन विकतानाच तडकलेलं होतं आणि दुकानदाराने ते लपवलं, किंवा किलोमीटरचा काटा मागे फिरवला, तर मुदतीनंतरही तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तो आपला हक्क आहे. पोटासाठी आपण स्वतः चालवतो ती गाडीही त्यात बसते. शेजाऱ्याकडून घेतलेली मात्र सहसा बसत नाही. तिथे दिवाणी कोर्टाचाच रस्ता.

खरी अडचण पुराव्याची. दोष आधीचा होता हे आपणच दाखवायचं असतं. म्हणून इंजिन बसलं की घाईने खोलू नये. इथेच आपण फसतो! खोललेल्या इंजिनावरून मग काय कळणार? आधी जाणत्या मिस्त्रीकडून दोष लिहून, सही घ्यावी. फोटो काढावे. दुकानदाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवावं, नक्कल आपल्याजवळ ठेवावी. पावती आणि हमीचा कागद तर जपायलाच हवा.

तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत करावी. गाडीला ५ लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर फी नाही. वकीलही लागतोच असं नाही. काही अडलं तर १९१५ या नंबरावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.