अडकलेला ब्रेक कसा सोडवावा?

पावसाळ्यात आळंद, अफझलपूरच्या शिवारातून गाडी काढली की तुरीच्या रानातली काळी चिकणमाती चाकांना धरते, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये शिरते आणि वाळून घट्ट होते. मग गाडी ढकलायला जड जाते, डिस्क तापते, पेट्रोल जास्त लागते. चारचाकी एटीव्ही असो की मोटरसायकल, दुखणे एकच.

लिव्हर दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला आवळतात. पण पिस्टन मागे ओढायला तिथे स्प्रिंग नसते! त्याच्याभोवतीचे रबरी सील दाबाने किंचित वाकते आणि दाब सुटताच सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. एवढ्याशा बळाला गंज किंवा वाळली माती जुमानत नाही.

आधी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना काढून पुसाव्यात. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावावे, साध्या ग्रीसने रबर फुगते. पिस्टनच अडकला असेल तर नळी जोडलेली ठेवून, कॅलिपर डिस्कवरून उतरवून लिव्हर हळूहळू दाबावा. तेलाचा दाब त्याला बाहेर आणतो. बोटे मध्ये घालू नयेत. गंजाने खड्डे पडलेला पिस्टन बदलावाच, सीलही नवे घालावे.

गंजाचे मूळ अनेकदा तेलात असते. डॉट 4 तेल हवेतला ओलावा शोषते. नव्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस, ओलावलेल्याचा 155 पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला, नळीतली हवा पूर्ण काढा आणि लिव्हर कडक लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.