काळपट मांसाचे कोडे

ऑस्ट्रेलियात गोमांसाची प्रतवारी करताना त्याचा सामू मोजतात. (आम्ल वाढले की सामू उतरतो.) तो ५.७ च्या वर राहिला तर मांस वरच्या प्रतीतून बाद होते आणि पशुपालकाच्या हाती कमी पैसे पडतात. असे मांस काळपट दिसते, वरून कोरडे व चिकट लागते, लवकर नासते. जनावर मात्र आजारी नसते.

जिवंत स्नायूत ग्लायकोजेन साठवलेले असते. कत्तलीनंतर प्राणवायू मिळेनासा होतो, पण विकरांचे काम चालूच राहते. ती ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ते वाहून न्यायला रक्त नसल्याने तिथेच साचते आणि साधारण दिवसभरात सामू ७ च्या आसपासून ५.५ पर्यंत येतो.

आता प्रथिनांकडे वळू. सामू ७ जवळ असताना मायोसिन व ॲक्टिन यांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तंतूंमध्ये पाणी राहते. आम्लामुळे भार घटतो, तंतू जवळ येतात, थोडे पाणी सुटते. दूध विरजताना केसीनचेही असेच होते. त्याचा भार सामू ४.६ ला शून्य होतो. दुधात लिंबू पिळून वर्गात हे दाखवता येईल.

आम्ल पुरेसे झालेच नाही, तर तंतू फुगलेले राहतात आणि प्रकाश परत फिरण्याऐवजी आत शिरतो. शिवाय तंतुकणिका प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे मायोग्लोबिन लालभडक न होता जांभळट राहते. जिवाणूंनाही कमी आम्ल मानवते.

म्हणजे मूळ प्रश्न ग्लायकोजेन कुठे गेले हा. कोरड्या हंगामातील निकस चाऱ्यावर साठा मुळातच कमी होतो. त्यात लांबचा प्रवास, अनोळखी कळपाशी झुंजी आणि भीतीने स्रवणारे ॲड्रेनलिन उरलासुरला साठा संपवतात. आमच्या मते सामूचा हा आकडा मांसापेक्षा जनावराच्या शेवटच्या काही आठवड्यांविषयी अधिक सांगतो.

कत्तलखान्यात एक रात्र विश्रांती देऊनही फारसे साधत नाही. धावपटूचा साठा भरपूर भात-पोळी खाऊन दिवसाभरात बराचसा भरतो; गुरांना कित्येक दिवस लागतात. त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील कर्बोदकांची मेदाम्ले करून टाकतात, त्यामुळे आतड्यातून ग्लुकोज फारच थोडे मिळते. म्हणून जाणते पशुपालक आधीचे काही आठवडे सकस चारा देतात, जनावरांना माणसांची सवय लावतात आणि एकत्र वाढलेला कळप फोडत नाहीत.