ट्रेडिंग सिस्टिमची परीक्षा घेणारे सॉफ्टवेअर

शेअर केव्हा घ्यायचा, किती घ्यायचा आणि केव्हा विकायचा, याचे आधीच ठरवलेले नियम म्हणजे ट्रेडिंग सिस्टिम. हे नियम मागील वर्षांच्या भावांवर चालवून पाहणे म्हणजे बॅकटेस्ट. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना वेगाचा मोह आधी सोडावा लागतो. मोठ्या संस्थांचे सर्व्हर राष्ट्रीय शेअर बाजाराच्या मुंबईतील को-लोकेशन केंद्रात, बाजाराच्या यंत्रणेशेजारीच असतात. यवतसारख्या गावात घरी बसून ट्रेडिंग करणाऱ्याने कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले, तरी त्या शर्यतीत त्याचा निभाव लागत नाही. त्याला हवे ते नियमांची खरीखुरी परीक्षा घेणारे सॉफ्टवेअर.

ही परीक्षा बहुतेकदा भावांच्या नोंदींपाशीच बिघडते. ऑक्टोबर 2024 मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला आणि शेअरचा भाव निम्म्यावर आला. शेअरांची संख्या दुप्पट झाल्याने गुंतवणूकदाराचे काहीच गेले नाही. जुने भाव त्या प्रमाणात दुरुस्त केलेले नसतील, तर सॉफ्टवेअरला ती 50 टक्क्यांची पडझड वाटते आणि स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवणारी विक्री, उगाच लागतो. याहून फसवी चूक कंपन्यांच्या यादीत असते. आजच्या निफ्टीतील 50 कंपन्या घेऊन 2005 पासूनची बॅकटेस्ट केली, तर तीत सत्यम ही कंपनी कुठेच नसते. जानेवारी 2009 मध्ये तिच्या हिशेबातला घोटाळा उघड झाला, तिचा शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला आणि निफ्टीतून बाहेर गेला. बुडालेल्या कंपन्या गाळून काढलेला नफा खोटा असतो. वगळलेल्या शेअरांचे जुने भाव मिळतात का, हे विक्रेत्याला सर्वांत आधी विचारावे.

दुसरी कसोटी खर्चाची. ब्रोकरेज, स्लिपेज (ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक) आणि डिलिव्हरीत खरेदी-विक्री दोन्हींवर लागणारा 0.1 टक्का एसटीटी हा व्यवहार कर धरता आला पाहिजे. लोअर सर्किटला, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकल्यावर, घेणारा नसतो, हेही सॉफ्टवेअरला सांगता यावे. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 10 टक्के कोसळताच बाजार 45 मिनिटे थांबवावा लागला. अशा दिवशी ठरल्या भावाला विक्री होईल हे गृहीत धरणे धोक्याचे.

प्रोग्रॅमिंग येत नसेल, तर स्ट्रीकसारख्या साधनात अटी निवडून काम भागते, पण मोकळीक मर्यादित. एमीब्रोकर विंडोजवर चालते, वेगवान आहे, मात्र त्याची एएफएल ही भाषा शिकावी लागते. पायथन फुकट आणि सर्वांत लवचीक. चुका शोधण्याची जबाबदारीही मग स्वतःचीच.

साधन कोणतेही असो, नियमांतले आकडे बदलत राहिले की जुन्या भावांवर सुंदर आलेख मिळतोच. म्हणून 2018 पर्यंतच्या भावांवर नियम बसवावेत आणि त्यानंतरच्या, न पाहिलेल्या वर्षांवर एकदाच तपासावेत. त्यात टिकले तर काही महिने पेपर ट्रेडिंग, म्हणजे पैसे न लावता सराव.

ऑर्डर आपोआप पाठवायच्या असतील, तर सेबीचे 4 फेब्रुवारी 2025 चे परिपत्रक लागू होते. त्यानुसार एपीआयमधून, म्हणजे सॉफ्टवेअरला ब्रोकरच्या यंत्रणेशी जोडणाऱ्या दुव्यातून, ऑर्डर पाठवण्यासाठी ब्रोकरकडे नोंदवलेला, न बदलणारा आयपी पत्ता लागतो. मोबाइल इंटरनेटवर तो सहसा मिळत नाही. त्यामुळे स्थिर आयपी देणारी जोडणी घ्यावी किंवा भाड्याचा क्लाउड सर्व्हर वापरावा. क्लाउडमुळे गावात वीज गेली तरी सिस्टिम चालू राहते. हा मासिक खर्चही बॅकटेस्टच्या नफ्यातून वजा करावा.