मनी प्लांट, मासे आणि पाण्याचा हिशेब

बावधन, भुगाव, पिरंगुट, हिंजवडी हा मुळशी तालुक्याचा पुण्याला लागून असलेला पट्टा गेल्या 25-30 वर्षांत पार बदलून गेला. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि इमारतींच्या मागोमाग पडदे, फर्निचर, काच, नळजोडणी, नर्सरी असे धंदे आले. फिश टँकही त्यांच्याबरोबरच आला. दवाखान्यात, हॉटेलच्या गल्ल्याशेजारी, कपड्याच्या दुकानात, घरातल्या दिवाणखान्यात आता तो सर्रास दिसतो.

या धंद्यात एक खोट मात्र आहे आणि ती प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. टाकी विकली जाते, मासे विकले जातात आणि पाच-सहा महिन्यांत तीच टाकी रिकामी होऊन माळ्यावर जाते. "आमच्याकडे मासे जगत नाहीत," असे म्हणून गिऱ्हाईक मोकळे होते. ते स्वतः पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, शिवाय चार जणांना सांगते. रंग उतरणारे कापड एकदा विकले गेले की आम्हा कापडवाल्यांचे जे होते, तेच इथे होते.

यावर अलीकडे एक स्वस्त उपाय सांगितला जातो. मनी प्लांटच्या वेलीचे फाटे घ्यायचे आणि त्यांची मुळे टाकीच्या पाण्यात सोडायची. झाड पाणी साफ करते, मासे टिकतात, टाकीही शोभिवंत दिसते. काही जण तर शपथेवर सांगतात की त्यानंतर पाणी बदलावेच लागत नाही. यातले खरे किती आणि वाढवलेले किती, हे वहीत आकडे मांडूनच पाहिले पाहिजे.

पाण्यात काय साचते

मासा जे खातो त्यातला काही भाग अंगाला लागतो. उरलेला नत्र अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात उतरतो. अमोनिया माशाला विषच. पण टाकीतल्या वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर सूक्ष्म जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास मातीतले असे जिवाणू वेगळे करून दाखवले. शेतातल्या मातीत चालणारे हेच काम आपल्या काचेच्या टाकीतही चालते. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी दहा-बारा मासे सोडणाऱ्या गिऱ्हाइकाचे मासे आठवड्यात मरतात. त्या मरणाशी मनी प्लांटचा काही संबंध नाही आणि मनी प्लांट ते टाळूही शकत नाही.

नायट्रेट हा या साखळीचा शेवटचा माल. अमोनिया आणि नायट्राइटच्या मानाने तो सौम्य आहे, पण टाकीतून बाहेर जायला त्याला वाट नाही. तो साचतच जातो. लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या खाली ठेवावा, जमल्यास 20 च्या खाली, असे जाणकार मासेपालक मानतात. त्याच्या वर शेवाळ माजते, मासे मलूल होतात. शिवाय अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातला क्षार खर्च होतो आणि पाणी हळूहळू आंबटपणाकडे झुकते. जुने मासे या बदलाला सावकाश सरावतात. बाजारातून आणलेला नवा मासा मात्र त्याच पाण्यात दोन दिवसांत मरतो आणि मग दुकानदारावर ठपका येतो की मासा आजारी दिला. कोलकाता किंवा चेन्नईच्या कोलातूरहून प्राणवायू भरलेल्या पिशवीत शेकडो मैल प्रवास करून आलेला मासा जुन्या पाण्याने मरावा, हे नुकसान दुकानदारानेच का सोसावे?

मुंबईची जामा मशीद ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथला हौद आठवेल. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. त्याला जिवंत झरे आहेत आणि त्यात मासे व कासवे राहत आली आहेत. तिथून हाकेच्या अंतरावरच्या क्रॉफर्ड मार्केटात काचेच्या टाक्या विकायला असतात. त्या टाक्यांना झरा नाही, म्हणून झऱ्याचे काम माणसाने बादलीने करायचे असते.

एक ग्रॅम खाद्याचा हिशेब

समजा 100 लिटरची टाकी आहे आणि रोज एक ग्रॅम खाद्य पडते. माशांच्या खाद्यात साधारण 40 टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत 16 टक्के नत्र. म्हणजे ग्रॅममागे 64 मिलिग्रॅम नत्र. त्यातला तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागला असे धरले तरी 43 मिलिग्रॅमच्या आसपास पाण्यात जातो. त्याचे नायट्रेट झाले की वजन सुमारे साडेचार पट भरते, म्हणजे रोज 200 मिलिग्रॅमच्या जवळपास. 100 लिटरमध्ये रोज 2, आठवड्याला 14 मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढ.

आता जमेची बाजू. मनी प्लांटचे एक नवे पान, त्याच्या देठ-खोडासकट, ओले पाच ग्रॅम धरू. त्यात नव्वद टक्के पाणी, म्हणजे कोरडा माल अर्धा ग्रॅम. त्यात चार टक्के नत्र धरले तर 20 मिलिग्रॅम. नायट्रेटच्या भाषेत सुमारे 90 मिलिग्रॅम. एका फाट्याने आठवड्याला एक नवे पान दिले, तर त्या फाट्याने आठवड्यात 90 मिलिग्रॅम उचलले. टाकीत मात्र त्याच आठवड्यात 1400 जमा झाले.

हिशेब ढोबळ आहे, पण डोळे उघडायला पुरेसा आहे. टाकीच्या कोपऱ्यात खोचलेली एकच वेल ही केवळ शोभा. आठ-दहा जोमदार फाटे असतील तर निम्मा बोजा उचलला जातो. आणि "पाणी बदलावेच लागत नाही" हे फक्त त्या टाकीत खरे ठरते, जिथे मासे मोजके, खाद्य बेताचे आणि वेलीने भिंत व्यापलेली असते. तिथेही बाष्पीभवनाने क्षार साचतात, म्हणून थोडे पाणी बदलावेच.

निम्मा बोजा उचलला तरी फायदा किती? रोप नसताना दर आठवड्याला पाव टाकी बदलली, तर नायट्रेट चढत चढत 56 वर जाऊन थांबतो. 28 वर रोखायचा तर दर आठवड्याला अर्धी टाकी बदलावी लागते. आठ फाटे कामाला असतील तर पाव टाकी बदलूनही तो 28 वरच राहतो. म्हणजे आठवड्याला 25 लिटर पाणी वाचले, वर्षाला 1300. घरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण ज्या दुकानात अशा 40 टाक्या आहेत, त्याचे वर्षाला 52 हजार लिटर वाचतात. दहा हजारी टँकरच्या हिशेबाने पाच टँकर. उन्हाळ्यात भुगाव-बावधन भागात टँकरची वाट पाहणाऱ्यांना पाच टँकरचा अर्थ समजावून सांगायला नको.

झाडाच्या अंगी ही ताकद आहे याचा पुरावा मुळशीकरांना लांब शोधावा लागत नाही. मुळशी धरणाचे पाणी बहुतेक भिऱ्याच्या वीजघराकडे, म्हणजे कोकणात उतरते. तरी पौड, माण, म्हाळुंग्याकडून पुण्याकडे जाणारी मुळा नदी आपण रोज पाहतो. शहराच्या सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद मिळाला की तीच नदी जलपर्णीने हिरवीगार होते. जलपर्णी हे नायट्रेट खाणारे झाडच. फरक एवढाच, की नदीत ते कोणी वेळेवर काढत नाही. कुजले की खाल्लेले सारे पुन्हा पाण्यात. टाकीतल्या मनी प्लांटचेही तसेच आहे. पिवळी पाने आणि सडकी मुळे वेळेवर काढली नाहीत, तर जमा केलेले व्याजासकट परत जाते.

आधी बोअरचे पाणी तपासा

पाणी बदलण्याचा सल्ला देणारे एक गोष्ट विसरतात. ज्या पाण्याने बदलायचे ते स्वच्छ आहे का? पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ती ओलांडलेली आढळली. देशाची सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास होती. रासायनिक खते, शेणाचे ढीग, शोषखड्डे यांतून तो बोअरमध्ये उतरतो. बोअरमध्येच 45 असतील तर रोज पाणी बदलले तरी टाकी 45 च्या खाली येणार नाही. अशा ठिकाणी मनी प्लांट हा शोभेचा विषय राहत नाही, तिथे तोच सर्वांत स्वस्त इलाज ठरतो. आणि अशा घरात मासे राहू देत, लहान बाळाच्या दुधाची पावडर त्या पाण्यात कालवू नये, हेही दुकानदाराने सांगावे.

तपासणीच्या पट्ट्या आणि थेंबांचे संच बाजारात मिळतात. घेताना एक पाहावे. काही संच नायट्रेटचा आकडा दाखवतात, काही त्यातल्या नत्राचा. नत्राचे 10 म्हणजे नायट्रेटचे 44. गज आणि मीटर यांची गल्लत केली तर जसा घोटाळा होईल, तसाच हा.

लावण्याची रीत

मनी प्लांट मूळचा ताहितीजवळच्या मोरेआ बेटाचा. कमी उजेडात जगतो म्हणून घराघरांत पोचला. पण जगणे वेगळे आणि वाढणे वेगळे. पान वाढले तरच नत्र उचलला जातो, म्हणून उजेड हवाच. खिडकीजवळची जागा किंवा वर एक एलईडी दिवा. जून ते सप्टेंबर ताम्हिणीकडून ढग भरून येतात, तेव्हा वाढ मंदावते. थंडीतही तसेच. त्या महिन्यांत खाद्य कमी करावे आणि बादली जास्त चालवावी.

फाटा पेराखाली कापावा. चीक पूर्ण निथळू द्यावा आणि धुऊन घ्यावा, कारण या झाडात खाजरे ऑक्झलेट असते. पाने पाण्याबाहेर आणि फक्त पेर व मुळे पाण्यात. नर्सरीतून आणलेले रोप मातीसकट कधीही टाकीत घालू नये. त्यावर खत आणि कीटकनाशक असते, जे माशांना पुरे पडते. मुळे धुऊन दोन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवावीत, पाणी दोन-तीनदा बदलावे, मगच टाकीत. मातीतली जुनी मुळे बहुधा सडतात आणि पाण्यातली नवी पांढरी मुळे फुटतात, तीच कामाची. गोल्डफिश मुळे कुरतडतात, तिथे जाळीची टोपली लावावी.

सिंगोनियम आणि स्पायडर प्लांटही चालतात. लकी बांबू दिसायला सुबक, पण वाढ इतकी संथ की नायट्रेटच्या वहीत त्याची नोंदही होत नाही. आपल्या परसातला अळू आणि पुदिना पाण्यात चांगले वाढतात, मात्र ज्या टाकीत माशांचे औषध टाकले तिथला पाला खाऊ नये.

फिल्टर बंद करून झाडावर विसंबणे मात्र धोक्याचे. तासन् तास वीज गेली की फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात आणि अमोनिया चढतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप दुकानदाराने टाकीबरोबरच विकावा.

कारागिरांसाठी

टाकी विकण्यात नफा एकदाच मिळतो. देखभालीत तो दरमहा मिळतो. काच कापणारे, सिलिकॉन लावणारे, ॲक्रिलिकचे काम करणारे आपले अनेक तरुण आहेत. टाकीच्या कडेवर अडकणारी, फाटे धरून ठेवणारी छोटी पन्हळ किंवा टोपली बनवणे त्यांना अवघड नाही. वाया गेलेल्या काचेच्या आणि ॲक्रिलिकच्या तुकड्यांतही ती होते. टाकी, पन्हळ, मुळे फुटलेले आठ फाटे आणि महिन्यातून दोनदा भेट देऊन पाणी तपासणे, असा एकत्र सौदा गिऱ्हाइकाला द्यावा. दर भेटीला आकडा एका वहीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. मासा मेला तर वाद वहीवर मिटतो, तोंडावर येत नाही.

मासे स्वतः वाढवायचे असतील तर सरकारी मदतीचीही चौकशी करावी. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी तीन लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान होते. सध्या अर्ज कोणत्या योजनेखाली घेतले जातात, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावे. घरातल्या महिलेच्या नावाने अर्ज करायचा असेल तर काम खरोखर तिच्या हाती असावे. कागदावर एक आणि धंद्यात दुसरे असे करू नये.

फाट्यांसाठी पैसा घालण्याचीही गरज नाही. पावसाच्या सुरुवातीला नर्सऱ्यांत आणि सोसायट्यांच्या बागांत मनी प्लांटची छाटणी होते आणि ढिगाने वेल फेकली जाते. ती मागून आणावी, धुऊन बरण्यांत लावावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात आणि दिवाळीच्या खरेदीपर्यंत दुकानात तयार माल असतो.