दानधर्म व सेवा, अहमदनगरच्या आद्य ख्रिस्ती मंडळीतील

दान व सेवा ही ख्रिस्ती मंडळीची आरंभापासूनची कर्तव्ये होत. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात विधवांच्या दैनिक अन्नवाटपासाठी सात जणांची नेमणूक झाल्याचा उल्लेख आहे. संत पॉल यानेही यरुशलेममधील गरिबांसाठी इतर मंडळ्यांतून वर्गणी जमविली.

अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये कार्य सुरू केले व १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली. मिशनचे एक आद्य सहकारी बाबाजी हे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ शहरातील निराश्रितांच्या आश्रयगृहात उपदेश व सेवा करीत. १८३३ मध्येच ते पटकीने निवर्तले.

पुढे मंडळीत मुख्यत्वे महार व मांग समाजांतील लोक आले. ते स्वतःच दरिद्री असल्याने दानाचा प्रश्न बिकट होता. मात्र परदेशी पैशावर विसंबल्यास मंडळी परावलंबी राहील, ही अडचणही तितकीच खरी होती. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर पाळकाच्या वेतनाचा भार मंडळीने उचलावा, यावर भर देण्यात आला आणि उत्पन्नाचा दशमांश देण्याचा पुरस्कार झाला.

१८९९–१९०० च्या दुष्काळात मिशनने अनाथ मुलांचा सांभाळ केला. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई टिळक यांनी नगरच्या छावणीत रुग्णांची शुश्रूषा केली. तिचे वर्णन त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात आढळते. साहाय्य घेणाऱ्यांनीच पुढे साहाय्य देणारे व्हावे, हे या दानपरंपरेचे मुख्य सूत्र होय.