काट्याला न दिसलेलं पोट

२०१९ सालची भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले होते. रजा शिल्लक होती, म्हणून मी अजून निलंग्यातच धाकट्या बहिणीच्या घरी मुक्कामाला होतो. दुपारी दारात दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, एकीच्या हातात वजनकाटा आणि दुसरीच्या हातात उंची मोजायची सुटी करता येणारी पट्टी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसाठी गल्लीतली काही घरं निवडली होती, त्यात बहिणीचं घर आलं होतं.

"माझं काय वजन मोजालाव बाई, हाडं तेवढी भरतील," असं म्हणत बहीण हसत हसत काट्यावर चढली. वजन एकोणपन्नास किलो, उंची दीडशे सेंटिमीटर. मुलीनं आकडे लिहून घेतले. मग तिनं टेप काढली. पदराआडून कंबर मोजली, चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. नितंबांचा घेर भरला ब्याण्णव. शेवटी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावर आकडा उमटला दोनशे अडुसष्ट. मुलगी क्षणभर थांबली, मग शांतपणे म्हणाली, "काकू, साखर जास्त दिसतेय. उद्याच दवाखान्यात दाखवा."

मीही काट्यावर चढायला निघालो, तर ती म्हणाली, "काका, तुमचा रक्तदाब आणि साखर घेते, पण वजन-उंचीसाठी पुरुषांना चोपन्नपर्यंतच वय चालतं." मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला नियम समजतो, मी गप्प बसलो. पण खरं सांगायचं तर मी त्या नियमामुळे गप्प नव्हतो. तो दोनशे अडुसष्टचा आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता.

कारण गेली दोन-तीन वर्षं बहीण थकवा येतो म्हणत होती. एका डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून निकाल दिला होता, "अंगावर मांस नाही, अशक्तपणा आहे. टॉनिक घ्या, गूळ-शेंगदाणे खा." रक्त तपासायची गरज त्यांना वाटली नाही. एवढ्या वाळक्या बाईला साखरेचा आजार कसा असेल? मी तर त्यांच्याही पुढचा. दर भाऊबीजेला डबा भरून बेसनाचे लाडू न्यायचो आणि बजावायचो, "खा गं, जरा अंगाला लागू दे." माझ्या कादंबऱ्या वाचलेल्यांना ठाऊक असेल, त्यांतला सावकार नेहमी ढेरपोट्या आणि शेतमजूर नेहमी काडीसारखा. दारिद्र्य म्हणजे वाळकेपण आणि सुबत्ता म्हणजे पोट, हे समीकरण मी आयुष्यभर वापरलं. त्या दुपारी ते माझ्या बहिणीच्या ओसरीवर मोडून पडलं.

बहिणीचा जन्म जून १९७३ चा. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा ती पोटात होती. मी दहा वर्षांचा होतो. तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव आजही जिभेवर आहे. आई आपल्या वाटची सुकडी पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. आपण पोटातल्या बाळाच्या घासातलं खातोय, हे कळायचं ते वय नव्हतं.

निवृत्तीनंतर या विषयातलं जमेल तेवढं वाचत गेलो. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, वजन किलोत, उंची मीटरमध्ये, हे सूत्र बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केतले या गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. केतले हा खगोलशास्त्राचाही अभ्यासक. त्याला कुणाची चरबी मोजायची नव्हती, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ साली. म्हणजे आमच्याकडे खडी फुटत होती त्याच वर्षी. पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं त्यांनी तपासली होती. त्यात ना भारत होता, ना एकही बाई.

पुढे साडेअठराच्या खाली कृश, पंचवीसच्या वर स्थूल, अशा रेघा जगभर रूढ झाल्या. बहिणीचा आकडा येतो २१.८, म्हणजे अगदी मधोमध. आशियाई माणसांना कमी वजनातही धोका असतो हे ध्यानात आल्यावर २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सावधानतेची रेघ तेवीसवर आणली. बहीण त्याही रेघेच्या आतच राहिली.

हे कसं घडतं, ते मला बँकेतल्या अनुभवानं समजलं. लेजर जुळवताना कधी कधी शिल्लक पैशाला पैसा जुळायची आणि तरी हिशेब चुकलेला असायचा. एका खात्यात हजार रुपये जास्त पडलेले, दुसऱ्यात तेवढेच कमी. एक चूक दुसरीला झाकून टाकायची आणि बेरीज मात्र हसतमुख. वजनकाटा अशीच बेरीज सांगतो. स्नायू जेवढे कमी, तेवढी चरबी जास्त, तर काटा म्हणणार, सगळं ठीक आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हेच खातं उलगडलं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, हे कुणीही सांगितलं असतं. पण याज्ञिकांच्या चमूनं कातडीखालची चरबीही मोजली. बाळाचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. आईच्या पोटात जे काही तुटपुंजं मिळालं, त्यातून शरीरानं आधी चरबीचा वाटा राखून ठेवला होता. यालाच ते 'बारीक पण चरबीदार' भारतीय म्हणतात. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचाही निर्देशांक २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के.

एका बहिणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला कळतं. अनुवंश असेल, नंतरचं खाणंपिणं असेल. आमच्याच भागात ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, भाकरीच्या जागी रेशनचा तांदूळ आणि गहू आले, आणि आणीबाणीच्या काळात बाजाराला पायी जाणारी माणसं आता दुचाकीवरून कोपऱ्यावर निलंगा राईस खायला जातात. पण दुष्काळात घडलेलं शरीर आणि नंतर आलेली सुबत्ता यांची गाठ पडली की काय होतं, याचा माझ्यापुरता दाखला घरातच आहे.

देशाचे आकडेही हेच सांगतात. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही पाहणी चालवते. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीपासून त्यात बायकांची वजन-उंची धरून हा निर्देशांक काढू लागले. पुरुषांची पाळी २००५-०६ ला आली. त्या वर्षी देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ३५.५ बायका कृश होत्या आणि १२.६ स्थूल. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत कृश १८.७ वर आल्या आणि स्थूल २४ वर गेल्या. महाराष्ट्रात कृश २०.८ आणि स्थूल २३.४. म्हणजे एका गल्लीतल्या पाच घरांत एक बाई उपाशी अंगाची आणि एक जड अंगाची. सरासरी काढली तर दोघीही गायब होतात.

पण त्या मुलींच्या टेपमुळे जे दिसलं ते याहून मोठं आहे. पाचव्या फेरीत कंबर आणि नितंब पहिल्यांदाच मोजले गेले. धोक्याच्या प्रमाणात बसलेल्या बायका निघाल्या ५६.७ टक्के आणि पुरुष ४७.७ टक्के. म्हणजे काट्यानं ज्यांना स्थूल म्हटलं त्यांच्या दुपटीहून जास्त. माझी बहीण त्या छप्पन्नातली एक. काट्यासाठी ती निरोगी होती, टेपसाठी नव्हती.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात शिवणाची टेप असेलच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. बायकांसाठी ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषांसाठी नव्वद, म्हणजे साडेपस्तीस इंच, याच्या पुढे टेप गेली तर एकदा साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, मग अंगानं कितीही बारीक असा. आशाताई तिशीपुढच्यांचा तपासणी अर्ज भरायला येतात, त्यातही कमरेचा घेर विचारलेला असतो. "माझं काय मोजता," म्हणून त्यांना परत पाठवू नका.

बहिणीनं औषधं वेळेवर घेतली, रोज पहाटे नीलकंठेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायला लागली. साखर आता आटोक्यात आहे. मागच्या भाऊबीजेला मी लाडवांचा डबा नेला नाही, ज्वारी आणि शेंगदाण्याची चटणी नेली. ओवाळून झाल्यावर तिनं ताटातून टेप उचलली आणि म्हणाली, "उभा राहा दादा. त्या पोरींनी तुला सोडलं, मी नाही सोडत."

माझी कंबर भरली शहाण्णव सेंटिमीटर. आता पहाटे फिरायला आम्हा दोघांनाही जायचं आहे.