आधी अंडे की आधी आज्ञावली?

‘आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड’ या व्हिडिओ गेममध्ये टायरॅनोसॉरसचे अंडे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमानातच उबते. डोडोचे अंडे त्या मानाने सोशिक, त्याला २२ ते ३० अंश चालतात. हवा त्याहून गार किंवा गरम झाली की अंड्याची प्रकृती घसरू लागते आणि ती शून्यावर आली की सगळी मेहनत पाण्यात. खुडूक बसलेली कोंबडी जे काम २१ दिवस मुकाट्याने करते, ते इथे खेळाडू मशाली पेटवून आणि एसी लावून करतात. पिल्लू बाहेर आले की त्याला भरवायचे, कुरवाळायचे, वाढवायचे आणि मोठे झाले की त्याचीही जोडी जमवायची. या उद्योगात जगभरची शाळकरी मुले आणि त्यांचे आईबाप रात्री जागवतात.

पैदाशीचा हिशेब सरळ आहे. ताकद, दम, ओझे पेलण्याची क्षमता असा एकेक गुण पिल्लाला आईकडून मिळणार की बापाकडून, हे फाशावर ठरते. फासा मात्र किंचित खेळाडूच्या बाजूने झुकवलेला असतो : दोघांपैकी ज्याचा आकडा मोठा, तो उतरण्याची शक्यता ५५ टक्के. मधूनच उत्परिवर्तन होते आणि झाले की एखादा गुण दोन पायऱ्या वर चढतो, कातडीचा रंगही पालटू शकतो. गुण खाली उतरवणारे उत्परिवर्तन या जगात नाही. त्यामुळे चिकाटी असेल तर वंश चढतच जातो.

खऱ्या सजीवांना असे वरदान नसते. माणसाचे प्रत्येक मूल आईबापांत नसलेली साधारण ६० ते ७० नवी उत्परिवर्तने घेऊन जन्माला येते. त्यांतली बहुतेक ना फायद्याची ना तोट्याची, काही घातक, उपयोगाची अगदी विरळा. पण खेळ आणि निसर्ग यांच्यातला खरा फरक फाशाचा नाही, अंड्यात काय ठेवले आहे याचा आहे. ‘आर्क’च्या अंड्यात तयार प्राण्याचे गुण आकड्यांत मांडलेले असतात. खऱ्या अंड्यात गुणांची नोंद कुठेच नसते. तिथे असतात त्या फक्त शरीर घडवण्याच्या सूचना. त्या पाळल्या गेल्या की त्यातून जो निपजेल तो प्राणी.

संगणकातल्या अंड्यातही आकड्यांऐवजी सूचना ठेवता येतील का? इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये १९९० च्या दशकात हे करून दाखवण्यात आले. नोव्हेंबर १९९६ मध्ये बाजारात आलेल्या त्या खेळाचे नाव ‘क्रीचर्स’.

केंब्रिजची पुण्याई या बाबतीत मोठी. डीएनएचा दुपेडी पीळ १९५३ मध्ये तिथेच उलगडला. साध्या चार नियमांवर चौकटींचे जगणे-मरणे चालवणारा जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ तिथलाच, १९७० चा. १९९६ हे साल तर ब्रिटिश जीवशास्त्राचे मानाचे पान. त्याच वर्षी ५ जुलैला एडिंबरोजवळच्या रॉसलिन संस्थेत डॉली ही मेंढी जन्मली. तिला जगभर प्रसिद्धी मिळाली. चारच महिन्यांनी आलेला ‘क्रीचर्स’ मात्र मुलांच्या खेळण्यांच्या फळीवर गेला.

खेळाचे जनक स्टीव्ह ग्रँड हे प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकलेले गृहस्थ. मिलेनियम इंटरॲक्टिव्ह या कंपनीत त्यांनी हा खेळ रचला. ही कंपनी पुढे सायबरलाइफ टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली गेली. खेळात आल्बिया नावाचे जग आहे आणि त्यात नॉर्न नावाचे मोठ्या डोळ्यांचे, केसाळ प्राणी. सुरुवातीला खेळाडूच्या हाती मोजकी अंडी येतात. ती उबवायची, पिल्लांना बोलायला आणि खायला शिकवायचे, चांगले वागले तर गुदगुल्या, चुकले तर चापटी. मोठे झाले की नॉर्न आपापली जोडी जमवतात, मादी अंडे घालते आणि पुढची पिढी सुरू होते. जिंकणे-हरणे असे काही नाही.

वरवर हा बाहुल्यांचा संसार वाटतो. खाली काय चालले होते, हे ग्रँड यांनी अनिल मल्होत्रा आणि ससेक्स विद्यापीठातले डेव्ह क्लिफ यांच्यासह १९९७ मध्ये शोधनिबंधातून मांडले. प्रत्येक नॉर्नच्या अंड्यात एक जनुकसंच असतो, म्हणजे बाइट्सची एक लांबलचक माळ. विरामचिन्हांसारख्या खुणांनी तिचे वेगवेगळ्या जनुकांत तुकडे पाडलेले असतात. यातले एकही जनुक ‘हा नॉर्न शूर आहे’ किंवा ‘हा खादाड आहे’ असे सांगत नाही. एखादे जनुक मेंदूचा एक भाग कसा जोडायचा ते सांगते. दुसरे सांगते, की अमुक रसायन आणि तमुक रसायन भेटले की तिसरे तयार होईल. आणखी एखादे सांगते, की रक्तातले अमुक रसायन वाढले की कोणत्या अवयवाला ते कळेल. शौर्य, खादाडपणा, आळस हे या सगळ्याच्या एकत्रित चालण्यातून उमटतात.

भुकेचेच बघा. साध्या खेळात प्रोग्रॅमर लिहून ठेवतो : पोट रिकामे झाले की अन्नाकडे जा. नॉर्नच्या बाबतीत असे कोणीच लिहिलेले नाही. ऊर्जा खर्च होते तशी भुकेचे रसायन वाढते. मेंदू सुमारे १,००० चेतापेशींचा, त्यांच्यात सुमारे ५,००० जोडण्या. पिल्लू चाचपडत काहीतरी करून बघते. फळ खाल्ले, भूक उतरली, की बक्षिसाचे रसायन स्रवते आणि त्या क्षणी ज्या जोडण्या कामात होत्या त्या पक्क्या होतात. पुढच्या वेळी भूक लागली की ते फळाकडे वळण्याची शक्यता वाढते. गुदगुल्या आणि चापटी याच वाटेने काम करतात. खेळाडूचा हात थेट मेंदूपर्यंत पोचत नाही, त्यालाही रसायनांमधूनच जावे लागते. काही प्रवृत्ती जनुकांतूनच येतात, पण त्याही आधी मेंदूत रुजाव्या लागतात.

आजार आणि विष यांचीही सोय होती. आल्बियात रोगजंतू फिरतात, नॉर्नच्या अंगात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ठरावीक वनस्पती खाल्ल्या तर उतारा पडतो. त्यासाठी ‘आजारी’ असा शिक्का लागत नव्हता. विष वाढले की बाकीची रसायने बिघडत आणि नॉर्न खंगत जाई.

या खेळातली अनुवंशिकताही ‘आर्क’हून वेगळी. आईबापांच्या माळा शेजारी ठेवून अधूनमधून एकीवरून दुसरीवर उडी मारत पिल्लाची माळ तयार होते. साहजिकच माळेत जवळजवळ असलेली जनुके बहुधा एकत्र उतरतात, लांबची विलग होतात. खऱ्या गुणसूत्रांवर नेमके हेच घडते. उडी मारताना चूक झाली तर एखादे जनुक गळते किंवा दोनदा येते. त्याखेरीज जनुकाच्या आतला एखादा बाइटही आपसूक बदलू शकतो. हे बदल आंधळे. खेळाडूचे भले व्हावे अशी त्यांची काही इच्छा नाही. एकच खबरदारी रचनाकारांनी घेतली : प्रत्येक जनुकाच्या डोक्यावर एक टीप ठेवली, की हे गळू शकते का, दोनदा येऊ शकते का, बदलू शकते का. ती नसती तर बरीचशी अंडी वाया गेली असती. त्याच टिपेत जनुक वयाच्या कोणत्या टप्प्यावर जागे व्हायचे तेही लिहिलेले, म्हणून वयात येताना नॉर्न बदलतो.

गुणसूत्रांच्या जोड्या मात्र इथे नाहीत. जनुकाची एकच प्रत. त्यामुळे मेंडेलच्या वाटाण्यांत दिसणारा लपलेला, एक पिढी गाळून नातवंडांत उगवणारा गुण नॉर्नमध्ये तसा दिसणार नाही. नर-मादीचे गुण टिकावेत म्हणून दोघांच्याही सूचना प्रत्येकाच्या माळेत ठेवल्या आणि आपापल्या लिंगाच्या तेवढ्याच वाचल्या जातील अशी व्यवस्था केली.

अंड्यात सूचना ठेवल्या की कर्त्यालाही चकित व्हावे लागते. नॉर्नचे आयुष्य एरवी काही तासांचे. पण म्हातारपणही रसायनांवरच चालत असल्याने काही घराण्यांत उत्परिवर्तनाने तेच थांबले आणि खेळाडूंच्या हाती न मरणारे नॉर्न लागले. वाचायला हे भाग्य वाटते. वंशाच्या दृष्टीने मात्र ती अडचणच, कारण त्या काळच्या संगणकाला एका वेळी मोजकेच नॉर्न पेलत. म्हातारे हलेनात तर नव्या अंड्यांना जागा कुठली? मृत्यू उत्क्रांतीच्या कामाचा आहे, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे संगणकाच्या मेमरीने शिकवले. नॉर्न फाइलमध्ये भरून दुसऱ्याला पाठवता येत असल्याने ही घराणी देशोदेशी पसरली. क्लिफ आणि ग्रँड यांनी १९९९ मध्ये ‘आर्टिफिशियल लाइफ’ या नियतकालिकात या पसाऱ्याला एक जागतिक परिसंस्था मानून लिहिले. २००० मध्ये ग्रँड यांना ‘ओबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

खेळाडूंचे काम इथे निरीक्षणाचे झाले. इंग्लंडमध्ये याला जुना दाखला आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८५५ पासून केंटमधल्या आपल्या घरी कबुतरे पाळली आणि लंडनच्या दोन कबुतर-क्लबांत ते सामील झाले. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चे पहिले प्रकरण पाळीव प्राण्यांवर आहे आणि त्यात कबुतरांना मोठी जागा आहे. पाळणारा शेपूट किंवा चोच पाहून जोड्या लावतो; निवड त्याची असते, पण निवडायला काय मिळेल हे त्याच्या हाती नसते. ‘आर्क’मध्ये काय मिळणार हे आधीच ठाऊक असते, फक्त किती वेळात मिळणार हे नसते. ‘क्रीचर्स’च्या खेळाडूला डार्विनसारखेच आधी निरीक्षण करावे लागे : हे पिल्लू झोपत का नाही, ते भुकेले असून खात का नाही, दोष शिकवणीचा की जनुकाचा?

तरी नॉर्नची अंडी खऱ्या अंड्यांपुढे थिटीच. इंग्लंडमधल्याच चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाची कोमोडो ड्रॅगन होती. नराचा सहवास तिला कधी लाभला नव्हता, तरी तिने अंडी घातली. बिघडलेल्या अंड्यांतल्या गर्भांचे डीएनए तपासल्यावर बाप नाहीच हे सिद्ध झाले. डिसेंबर २००६ मध्ये ‘नेचर’ने तो निबंध छापला आणि जानेवारी २००७ मध्ये पिल्ले बाहेर आली. सगळे नर. कोमोडोमध्ये मादीची लिंगगुणसूत्रे दोन वेगळ्या प्रकारांची असतात, नराची एकाच प्रकारची. आईच्या बीजांडातली एकच प्रत दुप्पट झाली की एकतर नर होतो किंवा जगू न शकणारा गर्भ. असा चमत्कार नॉर्नमध्ये घडूच शकत नाही, कारण नर आणि मादी कसे ठरतात हे जनुकांवर न सोडता ग्रँड आणि मंडळींनी स्वतःकडे ठेवले होते. जे सूचनांमध्ये सोपवले त्याने त्यांना चकित केले, जे स्वतःच्या मुठीत ठेवले त्याने नाही.

अंडी उबवण्याचे खेळ पुष्कळ आहेत आणि त्यांतून मुलांना अनुवंशिकतेची गोडीही लागते. पण पिढीगणिक गुण वाढतच जातात, ही समजूत घेऊन मूल खेळातून उठले तर उत्क्रांतीबद्दल नेमकी उलटी गोष्ट शिकून उठेल. त्याला विचारावे असा प्रश्न एकच : या अंड्यातून तुझा खेळ रचणाऱ्यालाही न सुचलेले काही बाहेर येऊ शकते का? उत्तर नाही असेल, तर तो छान खेळ आहे. हो असेल, तर त्यात थोडे जीवशास्त्रही आहे.